देवदत्त रात्री जेवतो : एका तर्कवहीची प्रस्तावना

ज्या वह्यांच्या निवडक पानांना ही प्रस्तावना जोडली जात आहे, त्या कोणा एका ग्रंथकाराने लिहिलेल्या नाहीत. वर्धा जिल्ह्यातील आर्वी, पुलगाव, देवळी, सेलू आणि हिंगणघाट या भागांतील काही कुटुंबांनी, दूरचित्रवाणीवरील अद्भुतकथा पाहता पाहता, पुढील भागात काय घडणार याविषयी वर्षानुवर्षे जे कयास बांधले, ते कोणी हिशेबाच्या चोपडीच्या मागील कोऱ्या पानांवर, कोणी मुलांच्या शाळेच्या अर्ध्या उरलेल्या वह्यांत, तर कोणी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटींत टिपून ठेवले होते. आणि दोघा शिक्षकांनी घरोघर हिंडून, ज्यांचे कयास त्यांचीच संमती घेऊन, ते एकत्र केले. त्या दोघांनी आपली नावे छापू नयेत असा आग्रह धरला, आणि कयास बांधणाऱ्यांचीही नावे गाळून केवळ गावाचे नाव ठेवले, हे मला योग्यच वाटते. ज्या गोष्टीचे कर्तृत्व ओसरीवर बसलेल्या दहा-पंधरा माणसांत वाटले गेले आहे, तिच्यावर एकाचीच मोहोर उठविणे न्यायाला धरून झाले नसते.

मजकडे ही पाने प्रथम आली तेव्हा त्यांचे वर्गीकरण कसे करावे हा प्रश्न पडला. ही समीक्षा नव्हे, कारण समीक्षा कृती पूर्ण झाल्यावर सुरू होते. आणि हे भविष्यकथनही नव्हे, कारण भविष्य सांगणारा आपल्या विधानाला कारण देण्यास बांधलेला नसतो, उलट या पानांवर असा एकही कयास नाही की ज्याच्याखाली ‘कारण’ हा शब्द लिहून त्याचा आधार दिलेला नाही. आमच्या भागात अशा विचाराला नित्य वापरातले तीन शब्द आहेत. तर्क हा संस्कृतातून आला, कयास हा अरबी-फारसीतून दफ्तराच्या वाटेने आला, आणि अटकळ हा बोलीतला शब्द या दोघांच्या मध्ये बसला. कयास या शब्दाच्या मूळ अर्थाकडे पाहिले तर तो इस्लामी न्यायशास्त्रात ज्ञात निवाड्यावरून अज्ञात प्रकरणाचा निवाडा काढण्याच्या पद्धतीचे नाव आहे, म्हणजे त्याच्या पोटी शिस्त आहे. कापसाच्या या मुलुखाला ती शिस्त नवी नाही. उभे पीक पाहून आणेवारी ठरविणे, बोंडे फुटण्यापूर्वीच एकरी किती कापूस येईल हे झाडाच्या अंगावरून सांगणे, आकाशातील ढगांच्या कडांवरून पेरणी आज करावी की चार दिवस थांबावे हे ठरविणे, हे ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्यांनी संध्याकाळी पडद्यासमोर बसून एखाद्या राजपुत्राच्या नशिबाची आणेवारी काढली, यात नवल कसले?

या संग्रहाचा आरंभ ‘चंद्रकांता’पासून होतो, आणि तो तेथूनच व्हावा हे उचित आहे. देवकीनंदन खत्री यांची ही हिंदी कादंबरी १८८८ च्या सुमाराची. तिच्यापुढे ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग आले, मग ‘भूतनाथ’ सुरू झाला आणि तो पुरा होण्यापूर्वी १९१३ साली खत्री निवर्तले, तेव्हा पुढचा भार त्यांच्या पुत्राने, दुर्गाप्रसादांनी, उचलला. ही कादंबरी वाचता यावी एवढ्यासाठी उर्दू जाणणारे कित्येक लोक नागरी लिपी शिकले, असे हिंदी वाङ्मयाच्या इतिहासात आवर्जून नमूद केले जाते. ज्या वर्ध्यात १९३६ साली राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली, जिच्या परीक्षांना बसून अहिंदी प्रांतांतील असंख्य माणसे हिंदी शिकली, त्या वर्ध्यात या कादंबरीचा परिचय असलेली एखाद-दुसरी व्यक्ती प्रत्येक मोठ्या गावी असणे स्वाभाविक होते. पुढे १९९४ साली नीरजा गुलेरी यांनी तिची मालिका केली, कमलेश्वर यांनी तिचे लेखन केले, आणि रविवारी सकाळी दूरदर्शनवर नौगढचा वीरेंद्रसिंह, विजयगढची चंद्रकांता, चुनारचा शिवदत्त आणि वजीरपुत्र क्रूरसिंह आमच्या घरांत येऊन बसले.

मी त्या काळी आर्वीस होतो. शेजारच्या घरी संच होता, आणि त्या घराच्या माजघरात पुढे मुले, त्यामागे बायका, दाराशी पुरुष अशी बैठक आपोआप ठरून गेली होती. छपरावरची अँटेना वाऱ्याने फिरली की पडद्यावर मुंग्या येत, मग एक मुलगा वर चढे आणि खालून “आलं, आलं... गेलं!” अशी वार्ता त्याला पोहोचविली जाई. परंतु मुंग्यांपेक्षा मोठे विघ्न विजेचे होते. कथा ऐन रंगात आली असता, एखादा अय्यार बेशुद्ध पडलेल्या सोबत्याच्या नाकाशी शुद्धीवर आणणारा लखलखा धरीत असता, अकस्मात सारे काळोखे होई. आणि त्या दिवशीचा भाग पुन्हा पाहण्याची काहीएक सोय त्या वेळी नसल्यामुळे, तो सोबती शुद्धीवर आला की नाही, आणि आला तर जो उठून बसला तो खरोखर तोच होता काय, हा प्रश्न आठवडाभर तहकूब राही. आमच्याकडील तर्काची पाठशाळा या काळोखात भरली. जे पाहिले नाही ते, जे पाहिले होते त्यावरून, जोडून काढावे लागे. त्या वेळी ज्यांच्या गावी वीज होती अशा पुलगावच्या किंवा देवळीच्या पाहुण्याची वाट पाहावी लागे, आणि तो आला म्हणजे आपली जोडणी त्याच्या साक्षीशी ताडून पाहावी लागे. या संग्रहातील पहिली सतरा पाने अशा अर्ध्या पाहिलेल्या भागांचीच आहेत, आणि ती मला सर्वांत प्रिय आहेत हे येथे सांगून टाकतो.

‘चंद्रकांता’ने तर्काला विशेष उत्तेजन दिले याचे कारण तिच्या रचनेतच आहे. अय्यार हा खत्रींच्या सृष्टीतील हेर, वैद्य, बहुरूपी आणि योद्धा यांचा मिलाफ. बटवा आणि कमंद नावाचा दोर घेऊन हिंडणारा, आणि कोणाचाही चेहरा धारण करू शकणारा. ज्या जगात मुख हेच मनुष्याच्या ओळखीचा दाखला राहत नाही, तेथे प्रत्यक्ष प्रमाणाचा पायाच ढासळतो, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीला अनुमानाची जामिनकी लागते. त्यात मालिकेने बद्रीनाथ आणि सोमनाथ हे जुळे इरफान खान यांच्याकडूनच करविले, तेव्हा तर “हा तो नाही बाप्पा, दुसराच आहे कोनी,” हे वाक्य आमच्या माजघरात दर रविवारी दोन-तीनदा उच्चारले जाई, आणि लगेच मागून प्रश्न येई, “काहून?” त्या ‘काहून’ला उत्तर देणे भाग असे. कोणी सांगे की खरा बद्रीनाथ बोलताना मान अशी करीत नाही. कोणी सांगे की मागल्या भागात याच्या हाताला जखम होती ती आता दिसत नाही. आमच्या शेजारच्या मोठ्या माय, ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्या पायांतील जोड्यांकडे पाहत असत, कारण चेहरा बदलणारा घाईत जोडे बदलायला विसरतो असे त्यांचे मत होते. ते मत किती वेळा खरे ठरले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पण वेशांतराच्या जगात वेश जेथे अपुरा पडतो तेथे नजर ठेवावी, हा त्यामागील सिद्धांत मला आजही निर्दोष वाटतो.

याच बैठकीत हिंदीचे एक निवृत्त गुरुजी येत, ज्यांनी मूळ कादंबरी वाचली होती. पहिले काही आठवडे त्यांचा शब्द हा फैसलाच मानला जाई. पुढे मात्र मालिका कादंबरी सोडून चालू लागली. नवी माणसे, नवी वैरे, नवे चमत्कार तिच्यात शिरले, आणि गुरुजींचे कयास एकामागून एक चुकू लागले. ते रागावले नाहीत, त्यांनी येणे बंद केले नाही, एक दिवस त्यांनी मोठ्या मायना विचारले, “तुम्हाला काय वाटते?” आणि त्या रविवारपासून ग्रंथ वाचलेला आणि न वाचलेली हे दोघे एकाच पायरीवर बसले. हा प्रसंग मी येथे मुद्दाम नोंदवीत आहे, कारण वीस वर्षांनंतर, सातासमुद्रापलीकडच्या एका कथेच्या बाबतीत, याच प्रकारची घटना फार मोठ्या प्रमाणावर घडावयाची होती.

तत्पूर्वी ‘महाभारत’ येऊन गेले होते. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, असे चौऱ्याण्णव भाग. ज्या कथेचा शेवट अवघ्या समाजाला तोंडपाठ आहे, तिच्याविषयी कयास कसला बांधणार, असे कोणी म्हणेल. पण सेलू तालुक्यातील केळझरला जाऊन पाहावे. महाभारतातील एकचक्रनगरी ती हीच, भीमाने बकासुराला मारले ते येथेच, अशी त्या गावाची परंपरा आहे. इतर ठिकाणेही हा मान सांगतात, परंतु परंपरेला त्याची अडचण वाटत नाही. त्या गावच्या एका पानावर, बकासुराचा प्रसंग दाखविला जाण्यापूर्वी लिहिलेला कयास आहे, आणि तो ‘काय होईल’ याचा नसून ‘काय दाखवतील’ याचा आहे: गाडाभर अन्न नेताना भीम वाटेतच खाईल की राक्षसासमोर बसून खाईल, कुंती ब्राह्मणाच्या घरचे रडणे दाराआडून ऐकेल की आत जाऊन विचारेल. आपल्या गावची गोष्ट परक्याने कशी सांगितली याची ही चौकशी होती. ज्ञात शेवटाकडे जाण्याच्या वाटा अज्ञात असतात, आणि कीर्तनाला बसणारा श्रोता शेकडो वर्षे याच वाटांसाठी बसत आला आहे.

आता ज्या दृष्टांतावरून या प्रस्तावनेला नाव दिले, त्याकडे वळतो. मीमांसकांनी अर्थापत्ती नावाचे एक स्वतंत्र प्रमाण मानले आहे, आणि त्याचे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. देवदत्त अंगाने पुष्ट आहे, आणि तो दिवसा जेवत नाही. ही दोन्ही विधाने खरी असतील तर ती एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण मिटविण्यास तिसरी, न पाहिलेली, कोणी न सांगितलेली गोष्ट मान्य करावीच लागते: देवदत्त रात्री जेवतो. नैयायिकांनी हे प्रमाण वेगळे मानले नाही, अनुमानातच त्याचा अंतर्भाव केला; तो शास्त्रार्थ येथे नको. मला एवढेच म्हणावयाचे आहे की अद्भुतकथेच्या पुढील भागाविषयी जे उत्तम कयास बांधले जातात, ते बहुतेक सारे या देवदत्ताच्या वंशातले असतात. कथेतच दोन गोष्टी अशा सांगितलेल्या असतात की त्या एकत्र नांदू शकत नाहीत, आणि जागरूक श्रोता त्या दोहोंना नांदविणारी तिसरी गोष्ट काळोखातून शोधून आणतो. नुसत्या हौसेचा कयास आणि हा कयास यांत भेद आहे. नायकाचे नायिकेशी लग्न व्हावे ही इच्छा झाली. देवदत्त रात्री जेवतो हा निष्कर्ष झाला.

ही रीत आमच्या मातीला किती जुनी आहे हे समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर समजते. तेथे शेख फरीद यांचा दर्गा आहे, आणि टेकडीवर सुपारी-जायफळासारखे, नारळाच्या आकाराचे गोल दगड सापडतात. दगडही आहेत आणि फळांचे आकारही आहेत. या दोहोंची जोड कशी लावावी? लोकांनी कथा जोडली की मालाची गोणी घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी संताशी उद्दामपणा केला, आणि त्यांचा सारा माल पाषाण झाला. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की हे काळ्या अग्निजन्य खडकातील झिओलाइट नावाच्या खनिजाचे गोळे आहेत. उत्तर दुसरे खरे, हे मला मान्य आहे. परंतु प्रश्न दोघांचा एकच होता, आणि तो प्रथम ज्याने विचारला त्याने दगडाकडे नीट पाहिले होते, हेही मला तितकेच मान्य आहे.

या संग्रहाचा सर्वांत विस्तृत विभाग ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा आहे. १७ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेत सुरू होऊन १९ मे २०१९ रोजी संपलेली ही मालिका, आठ पर्वे आणि त्र्याहत्तर भागांची, जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ग्रंथमालेवर आधारलेली. त्या मालेचा पहिला ग्रंथ १९९६ चा आणि पाचवा २०११ चा. तेथील रविवारची रात्र ती आपल्याकडील सोमवारची पहाट, म्हणून वर्धा-सेवाग्राम परिसरातील वसतिगृहांत राहणारी मुले सोमवारी साडेसहाला उठून, एका संगणकाभोवती पाचसहा जण बसून, ती पाहत असत, आणि सुट्टीत गावी गेल्यावर आईला, आजीला, काकाला ती कथा सांगत असत. वह्यांतील कितीतरी कयास हे मालिका न पाहिलेल्या, केवळ नातवाच्या तोंडून ऐकलेल्या माणसांचे आहेत. मूळ कृतीची भाषा परकी, तीतील हिमाची भिंत आणि अग्नी ओकणारे प्राणी परके. पण वारसाचा हक्क, दासीपुत्राचा मान, भाऊबंदकी आणि राजाच्या मृत्युपत्रातील फेरफार यांत परके काय आहे? मालगुजारीच्या वाटण्या पाहिलेल्या वृद्धांना त्या कथेतील वारसाचे तंटे पहिल्या बैठकीतच समजले.

त्या कथेतील सर्वांत गाजलेला कयास घेऊ, म्हणजे देवदत्ताची योजना स्पष्ट होईल. एडार्ड स्टार्क नावाचा एक सरदार आहे, ज्याच्या सत्यनिष्ठेविषयी शत्रूलाही शंका नाही. हाच मनुष्य युद्धाहून परतताना एक तान्हे मूल घेऊन येतो, ते आपले अनौरस मूल म्हणून सांगतो, आणि त्याच्या आईचे नाव पत्नीलाही सांगत नाही. पुष्ट देवदत्त आणि दिवसाचा उपवास! शिवाय दुसरी खूण अशी की युद्धाच्या अखेरीस राजघराण्याच्या रक्षणाची शपथ वाहिलेले तीन वीर, ज्यांनी राजाच्या वंशाजवळ असावयाचे, ते एका निर्जन बुरुजाचे रक्षण करीत उभे होते, आणि त्या बुरुजात सरदाराची बहीण लियाना मरणोन्मुख होती. राजरक्षक जेथे उभा तेथे राजवंश असणार. या दोन भांडणांचा एकच तोडगा निघतो: मूल सरदाराचे नव्हे, बहिणीचे, पिता राजपुत्र ऱ्हेगार, आणि जॉन स्नो नावाचा तो दासीपुत्र वस्तुतः सिंहासनाचा हक्कदार. हा कयास वाचकांनी पहिला ग्रंथ निघाल्यावर वर्ष-दोन वर्षांतच बांधला होता. मालिका करू इच्छिणाऱ्या बेनिऑफ आणि वाइस या दोघांना मार्टिन यांनी पहिल्याच भेटीत विचारले की जॉन स्नोची आई कोण, आणि त्या दोघांना उत्तर सांगता आले, असे ते पुढे सांगत असत. पडद्यावर त्याची कबुली २६ जून २०१६ रोजी, सहाव्या पर्वाच्या अखेरच्या भागात, मिळाली. सेलूच्या एका पानावर, २०१३ च्या दिवाळीची तारीख घालून, मालिका कधी न पाहिलेल्या एका आजीने सांगितलेला आणि नातीने उतरवून घेतलेला कयास असा आहे: एवढा खरा माणूस बायकोपाशी खोटे बोलतो तो स्वतःच्या पापासाठी नव्हे, बहिणीला दिलेल्या वचनासाठी. तिला ऱ्हेगारचे नाव ठाऊक नव्हते. तिने भावाचे मन वाचले होते.

सहाव्या पर्वापासून मालिकेने ग्रंथांना मागे टाकले, कारण सहावा ग्रंथ निघालाच नव्हता. आणि आर्वीच्या माजघरात गुरुजींचे जे झाले तेच जगभरच्या ग्रंथवाचकांचे झाले. ज्यांनी पाचही खंड पाठ केले होते आणि ज्यांनी एकही उघडला नव्हता, त्या दोघांच्या हाती आता सारख्याच खुणा होत्या. या कालखंडातील पाने सर्वांत उत्साही आहेत, आणि सदोषही. रात्रीचा राजा म्हणून जो हिमप्रदेशातील शत्रू दाखविला, तो म्हणजे कालप्रवास करणारा ब्रान हा मुलगाच होय, असा कयास त्या वेळी दूरवर पसरला होता. आपल्याकडेही तो चार वह्यांत आहे, आणि त्याची कारणे म्हणून चेहऱ्याची ठेवण आणि वस्त्रांची घडण दिली आहे. न्यायशास्त्र याला सव्यभिचार हेत्वाभास म्हणेल, म्हणजे असा हेतू की जो साध्य असेल तेथे आढळतो आणि नसेल तेथेही आढळतो. तशी वस्त्रे त्या थंड प्रदेशातील दहा जण वापरतात. तो कयास बुडाला. पण तो बुडाला म्हणून मी तो वगळू दिला नाही, कारण निर्दोष कयासाची पारख सदोष कयासाशेजारी ठेवल्याखेरीज होत नाही.

येथे एका गोष्टीविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. मालिकेच्या शेवटावर जगभर जो असंतोष प्रकट झाला, आठवे पर्व पुन्हा करावे अशा अर्जावर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या, त्याला कित्येक प्रतिष्ठितांनी पोरकटपणा म्हटले. अर्ज मलाही अयोग्य वाटतो. कथा पुन्हा करून मागण्याचा हक्क श्रोत्याला नाही. परंतु असंतोष अयोग्य नव्हता. कथेतील प्रत्येक खूण म्हणजे कथाकाराने श्रोत्याला लिहून दिलेला कर्जरोखा असतो; तो केव्हा फेडावा ही मुदत कथाकाराच्या हाती, कोणत्या नाण्यात फेडावा हेही त्याच्याच हाती, पण फेडावयाचाच नाही असे मात्र त्याला म्हणता येत नाही. पहिली सहा पर्वे दहा-दहा भागांची होती. सातवे सात भागांचे आणि आठवे सहाचे. राणी डिनेरिस शरण आलेले नगर जाळते हा शेवट माझ्या मते अशक्य नव्हता, त्याच्या खुणा आरंभापासून होत्या. तिच्या मनाचा तो उतार पायरी-पायरीने दाखविण्यास जो अवकाश लागतो, तो दिला गेला नाही. पुलगावच्या एका तरुणाने तिचा हा शेवट दोन वर्षे आधी लिहून ठेवला होता, आणि तो खरा ठरल्यावर त्याखाली त्याने आनंदाचा एकही शब्द न लिहिता एवढेच लिहिले आहे, “बरोबर आले, पण पटले नाही.” या संपूर्ण वादावर याहून नेमके मत मी अन्यत्र वाचलेले नाही.

उलट, वाचकांनी रहस्य आधीच ओळखले म्हणून आपण कथेचा मार्ग बदलणार नाही, ही मार्टिन यांनी जाहीरपणे घेतलेली भूमिका मला थोर वाटते. खुणा पेरून झाल्यावर, केवळ श्रोता हुशार निघाला म्हणून पीक बदलणे, म्हणजे ज्याने नीट पाहिले त्यालाच शिक्षा देणे होय.

कयास बांधणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि वह्या गोळा करणाऱ्या शिक्षकांनाही तो ऐकावा लागला. त्याचे उत्तर आपल्या वेताळाने फार पूर्वी दिले आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० साली मराठीत आणलेली ‘वेताळपंचविशी’ घ्या किंवा रामानंद सागर यांनी १९८५ मध्ये दूरदर्शनवर आणलेला विक्रम आणि वेताळ घ्या. त्या कथाचक्राची अट अशी की उत्तर ठाऊक असूनही जो मौन धरील त्याच्या मस्तकाची शकले होतील. ऐकणाऱ्याने नुसते ऐकून चालणार नाही, त्याने निवाडा दिला पाहिजे, आणि तो दिल्याने वेताळ पुन्हा झाडावर जाईल, प्रवास पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल, हे पतकरूनही दिला पाहिजे. ज्या परंपरेने श्रोत्यावर एवढी जबाबदारी टाकली, तिच्यात कयास हा कथेबाहेरचा उपद्व्याप ठरत नाही. कथेचा अर्धा भार तो वाहतो.

मराठी मालिकांचा विभाग तुलनेने लहान आहे, आणि त्यातील बहुतेक पाने २०१६ च्या ‘रात्रीस खेळ चाले’ची आहेत. कोकणातील नाईकांचा वाडा, मालवणी बोली आणि घरातील प्रत्येकावर फिरणारा संशय. आमच्याकडील बायकांना ती बोली आरंभी अर्धीच समजे, आणि न समजलेल्या वाक्यांचे अर्थ त्या चेहऱ्यांवरून लावीत, यामुळे त्यांचे कयास कधीकधी वेगळ्याच दिशेने गेले आहेत. त्यांचे स्वतंत्र संशोधन व्हावे इतके ते चांगले आहेत. येथे मी केवळ निर्देश करतो.

संपादनाविषयी थोडे सांगावयाचे राहिले. वऱ्हाडी-नागपुरी वळणाची वाक्ये जशी होती तशीच ठेवली आहेत. प्रत्येक डाव्या पानावर कयास व त्याचे कारण, आणि उजव्या पानावर प्रत्यक्षात काय घडले ते, असा क्रम आहे. ज्यांचा निकाल मार्टिन यांच्या पुढील ग्रंथांवर अवलंबून आहे, त्यांची उजवी पाने कोरी सोडली आहेत. कयास नंतर सुधारून लिहिल्याचा जेथे संशय आला, अशी नऊ पाने गाळली.

एक पान मात्र असे आहे की ज्याचा दूरचित्रवाणीशी काहीएक संबंध नाही, आणि तरीही ते काढावे असे आम्हां तिघांपैकी कोणालाही वाटले नाही. आर्वी तालुक्यासमोर, वर्धा नदीच्या पलीकडील काठावर, रुक्मिणीचे माहेर कौंडिण्यपूर आहे. तिच्या स्वयंवरावर महानुभाव कवी नरेंद्र याने तेराव्या शतकाच्या अखेरीस काव्य रचले. महानुभाव परंपरेतील आख्यायिका अशी की रामदेवराव यादवाने ते ऐकून, सोने घेऊन त्यावर आपले नाव घालू देण्याची मागणी केली, कवीने ती नाकारली, आणि पोथी दरबारातच राहिली. नरेंद्राला आणि त्याच्या भावांना जेवढ्या ओव्या मुखोद्गत होत्या तेवढ्याच घेऊन तो बाहेर पडला. आज जे काव्य उपलब्ध आहे ते नऊशेच्या आतबाहेर ओव्यांचे आणि अपुरे आहे. आर्वीच्या एका वयोवृद्ध वाचकाने, गेलेल्या ओव्यांत काय असेल याविषयी, आठ ओळींचा कयास लिहून दिला. कथा भागवतातली, शेवट सर्वांना ठाऊक, तेव्हा घटनांविषयी त्यात एक अक्षर नाही. त्याचे म्हणणे इतकेच की ज्या कवीने सोन्याच्या मोबदल्यात स्वतःचे नाव दिले नाही, त्याने रुक्मिणीला माहेर सोडताना एकदा मागे वळून नदीकडे पाहू दिले असणार. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिले आहे, “मी त्या नदीच्या अलीकडे राहतो.”